अन्नात माती

माझ्या मुलीच्या आठव्या वाढदिवसाला मी बारा पोरांना कुंडीतून माती खायला घातली. २०२३ चा मे महिना होता. सोलापुरातला मे, म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कुंभाराकडून आणलेल्या वीतभर उंचीच्या बारा कुंड्या, त्यात काळी भुसभुशीत माती, मातीतून डोकावणारी पुदिन्याची रोपं आणि इकडून तिकडून वळवळत बाहेर आलेली लाल-पिवळी गांडुळं. पोरं आधी किंचाळली, मग चमचे घेऊन तुटून पडली. माती बोरबॉन बिस्किटांची होती, तिच्याखाली चॉकलेटचं पुडिंग होतं, गांडुळं चायना ग्रासची होती. अमेरिकेत याला 'डर्ट केक' म्हणतात. केक म्हणायचं ते नावापुरतं, कारण यात भाजायचं काहीच नसतं. बिस्किटं चुरायची, पुडिंग शिजवायचं, थरावर थर द्यायचे आणि फ्रीजमध्ये ठेवून द्यायचं.

सगळं छान चाललं होतं. मग मंगळवेढा तालुक्यातून खास वाढदिवसाला आलेली माझी आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं पोरांकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "काय गं हे? लेकरास्नी माती खायला घालायलीस व्हय?"

मी हसून समजावलं. तिच्या हातात एक कुंडी दिली. ती बराच वेळ नुसती बघत बसली. तेवढ्यात माझे वडील, जे एरवी वाढदिवसाला कोपऱ्यात पेपर वाचत बसतात, चष्म्यावरून बघत म्हणाले, "आमच्या अन्नात कुणी माती कालवली की आम्ही मोर्चे काढत होतो. तू पैसे खर्चून कालवतेस."

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री भांडी आवरताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. वडील सोलापुरातल्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि 'अन्नात माती कालवली' हा शब्दप्रयोग आमच्या घरात तेव्हा रोज ऐकू यायचा. मी इतिहासाची प्राध्यापिका. दुसऱ्यांच्या घरांचा इतिहास कागदपत्रांतून काढणं हा माझा धंदा. आपल्या फ्रीजमधल्या पदार्थाचा इतिहास काढायचं कधी सुचलं नव्हतं. त्या रात्री सुचलं.

---

सुरुवात 'भाजायचं नाही' इथून केली पाहिजे. अमेरिकन आईला ओव्हन असून त्या दिवशी तो लावायचा कंटाळा असतो, म्हणून ती बिनभाजणीचा गोड पदार्थ करते. तिकडे १९२०च्या दशकापासून 'आइसबॉक्स केक' घरोघरी झाले. तयार बिस्किटं आणि फेटलेली साय यांचे थर रात्रभर थंडीत ठेवले की बिस्किटं ओल पिऊन मऊ होतात, सुरीनं कापली तर केकसारखी कापली जातात. आमच्याकडे गोष्ट उलटी होती. आमच्या घरात ओव्हन नव्हताच. आजीच्या घरात नव्हता, आईच्या घरात नव्हता. चूल होती, स्टो होता, मग गॅसची शेगडी आली. भाकरी तव्यावर, पोळी तव्यावर, वांगं विस्तवावर. चारी बाजूंनी सारखी आच देणारी भट्टी हे आमच्या स्वयंपाकाचं हत्यारच नाही. ती नेहमी बाहेर होती, दुसऱ्याच्या हातात होती, आणि तो दुसरा कोण यावरून या प्रांतात बरंच रामायण घडलेलं आहे.

वसईकडे अजून सांगतात की पोर्तुगीजांनी गावच्या विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलेलं सगळं गाव बाटलं. दंतकथा असेल, पण पावाची धास्ती किती होती ते तीतून कळतं. हीच धास्ती उलटी फिरवून मुंबईत १८४९च्या सुमारास परमहंस मंडळी ही गुप्त सभा निघाली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या सभेत शिरताना नव्या सभासदाला ख्रिस्त्यानं भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. धैर्याची परीक्षा म्हणून पाव! आज आपण वडापाव खातो तेव्हा हे आठवलं तर हसू येतं.

बिस्किटाची पाळी पुण्यात आली, १८९० साली. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंतांना व्याख्यानाला बोलावलं. व्याख्यान झाल्यावर चहा आणि बिस्किटं पुढे आली. रानडे होते, टिळक होते, चाळीसहून अधिक मंडळी होती. कुणी चहा घेतला, कुणी भिडेखातर पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव मोठे खट्याळ. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली आणि एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली. दोन वर्षांनी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं आणि त्याबद्दल सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या. आपल्याकडे या सगळ्याला 'चहाचं प्रकरण' म्हणतात. चहा बिचारा बदनाम झाला. त्याच्या बशीतलं बिस्किट मात्र इतिहासात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. चहा तिथल्या तिथे उकळता येतो, आपल्या माणसाकडून उकळवून घेता येतो. बिस्किट भाजलेलंच येतं. ते कुणी मळलं, त्यात काय घातलं, कुणाच्या भट्टीत गेलं, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

---

माझ्या आजीची अडचण नेमकी हीच होती. जातीचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. तिची भीती अंड्याची होती. आजी माळकरी. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. तिच्या गळ्यातली तुळशीची माळ आणि बेकरीचा टोस्ट या दोन गोष्टी एका घरात नांदणं तिला मान्य नव्हतं. "त्यात काय घालतेत कुणाला दिसतंय?" एवढंच म्हणायची.

पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की नातवंडांना नानकटाई हवी असायची. मग दरवर्षी मे महिन्यात एक सोहळा व्हायचा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांनी तो केलेला आहे आणि आता तो जवळजवळ संपला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. घरचं पीठ चाळून घ्यायचं, घरी कढवलेलं तूप, दळलेली साखर, सगळं वेगवेगळ्या डब्यांत भरायचं. एक मोठा पत्र्याचा डबा राखेनं घासून उन्हात वाळवायचा. हे सामान घेऊन आजी, मी आणि शेजारच्या पद्मशाली कुटुंबातल्या अम्मा असे आम्ही तिघी बेकरीत जायचो. आजी मराठी बोलायची, अम्मा तेलुगू, दोघींचं कसं जमायचं देव जाणे. सोलापुरात हे सगळ्यांचं जमतं.

बेकरीवाले चाचा गुऱ्हाळासारख्या अंधाऱ्या जागेत बसायचे. आत विटांची भट्टी, लांब दांड्याचं लाकडी फावडं, काळे झालेले पत्रे. ते आमचं पीठ मळायचे, हातानं गोळे करायचे, पत्र्यावर मांडायचे. आजी दारात उभी. बसायला स्टूल दिलं तरी बसायची नाही. तिचं लक्ष एकाच गोष्टीवर असायचं, आपल्या पिठात दुसऱ्याचं काही पडत नाही ना. चाचांनाही ते माहीत होतं. ते मुद्दाम मोठ्यानं सांगायचे, "माँजी, आपकाच डालडा, आपकाच आटा." आजी लगेच दुरुस्त करायची, "डालडा न्हाई. तूप हाय."

एकदा मी विचारलं होतं, चाचांचा हात लागला की, मग कसं चालतं? आजी म्हणाली, "इस्तवात सगळं शुद्ध हुतं." रानड्यांच्या काळातल्या शास्त्र्यांना हे सुचलं असतं तर दोन वर्षांचा ताप वाचला असता.

आपलं पीठ आणि त्यांची भट्टी ही तडजोड मला आज फार शहाणपणाची वाटते. भाजणीची मजुरी किलोवर ठरलेली असायची. दोन तासांनी गरम डबा डोक्यावर घेऊन आम्ही घरी. तो महिनाभर पुरायचा, म्हणजे पुरायला हवा असायचा. दहाव्या दिवशी तळाला नुसता भुगा उरायचा. त्या भुग्यात आजी गरम दूध ओतून आम्हाला वाटीत द्यायची. आता विचार केला तर बिस्किटाचं पुडिंग आमच्या घरात पहिल्यांदा झालं ते तसं.

कोरडं भाजून ठेवायचं आणि लागेल तेव्हा ओलं करून खायचं, यात आजीला नवीन काहीच नव्हतं म्हणा. सोलापूरची कडक भाकरी दुसरं काय करते? ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर पार वाळेपर्यंत ठेवायची. ती पापडासारखी मोडते, कित्येक दिवस टिकते आणि आमटीत कुस्करली की पाच मिनिटांत मऊ होते. बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'दोनदा भाजलेलं' असा आहे. त्या हिशेबानं आमची कडक भाकरी बोरबॉनपेक्षा अस्सल बिस्किट ठरते.

---

पाकिटातलं बिस्किट याच काळात घरात शिरलं, पण मागच्या दारानं. देशी कारखान्यांनी बिस्किटाची भट्टी आपली केली होती. पार्ले कंपनी १९२९ साली मुंबईच्या विलेपार्ल्यात सुरू झाली, दहा वर्षांनी तिनं ग्लुकोज बिस्किटं काढली. पुण्याचे साठे बिस्किटवाले होते. मारी मुळात लंडनची. रशियाच्या झारची मुलगी मारिया हिचं १८७४ साली इंग्लंडच्या राजपुत्राशी लग्न झालं, त्या निमित्तानं पीक फ्रीन कंपनीनं तिच्या नावाचं बिस्किट काढलं. रशियन राजकन्येचं नाव आज सोलापुरातल्या प्रत्येक आजारी माणसाच्या उशाशी असतं. आमच्याकडे ग्लुकोज बिस्किट आलं ते औषध म्हणून. मला गोवर झाला होता, डॉक्टरांनी सांगितलं, आणि डॉक्टरांच्या सांगण्यापुढे आजीचं काही चालेना. पुढे २००१च्या सुमारास पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका छापणं सक्तीचं झालं. आजी तोवर राहिली नव्हती. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईला तो ठिपका फार उपयोगी पडला असता.

अंड्याचा प्रश्न मात्र आणखी एका ठिकाणी, आणि फार आधी, सुटलेला होता. बर्मिंगहॅमचा आल्फ्रेड बर्ड हा औषधविक्या. त्याच्या बायकोला अंडं सोसायचं नाही आणि कस्टर्ड तर आवडायचं. कस्टर्ड म्हणजे अंड्यानं घट्ट केलेलं दूध. बर्डनं १८३७ साली अंड्याऐवजी मक्याचं पीठ घालून तोच घट्टपणा आणला आणि त्याची भुकटी विकायला काढली. एका इंग्रज बाईच्या पोटाच्या तक्रारीतून निघालेली ही भुकटी हिंदुस्थानातल्या शाकाहारी घरांसाठी जणू घडवलेली होती. पुण्यात १९५६ साली सुरू झालेल्या वेकफिल्डनं कॉर्नफ्लोअर आणि कस्टर्ड पावडर आपल्याकडच्या किराणा दुकानांत नेली आणि मध्यमवर्गीय मराठी घरात 'फ्रूट सॅलड' नावाचा प्रकार लग्नाकार्यात मिरवू लागला.

पुडिंगचं घट्ट होणं बघण्यासारखं असतं. मक्याच्या पिठाचे कण गार दुधात नुसते तरंगतात. दूध तापत गेलं की ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि एका क्षणी कालथा जड लागतो. तो क्षण चुकवायचा नाही. त्यानंतर मिनिटभर उकळू दिलं नाही तर कच्च्या पिठाची चव राहते. उकळताना हात थांबला तर गुठळ्या होतात. मग गार होताना ते आपोआप थिजतं, त्याला फ्रीज लागतोच असं नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

---

गिरणी बंद झाली त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला केक आला नाही. त्याआधीची दोन वर्षं आला होता, गुलाबी आयसिंगचा, खोक्यावर सुतळी बांधलेला. सोलापूर हे १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून भोंग्यावर चालणारं गाव. भोंग्यावर लोक उठत, भोंग्यावर जेवत, भोंग्यावर पोरं शाळेत जात. एकेक भोंगा बंद होत गेला तसा गल्लीतल्या घरांच्या दिवसाचा आकारच मोडला. वडील रोज सकाळी तयार होऊन बसायचे आणि कुठे जायचं ते ठाऊक नसायचं. थकीत रकमेसाठी मोर्चे, सभा, वकील, तारखा. या सगळ्यात केकचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती.

आईनं काढलं. तिनं ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे आणले, एक लिटर दूध आणि कस्टर्ड पावडरचं लहान खोकं. स्टीलच्या चौकोनी डब्यात बिस्किटं दुधात बुडवून बुडवून मांडली, विटा रचाव्या तशी. वर गरम कस्टर्ड, पुन्हा बिस्किटं, पुन्हा कस्टर्ड, वरून बोर्नव्हिटा भुरभुरला. फ्रीज आमच्याकडे नव्हता. गोदरेजनं १९५८ साली देशातला पहिला फ्रीज बनवला खरा, पण आमच्या वाड्यात तो पस्तीस वर्षांनंतरही एकाच घरात होता, वरच्या मजल्यावर. डब्याच्या झाकणावर आमचं नाव कोरलेलं होतं. आई तो वर ठेवून आली आणि संध्याकाळी मैत्रिणी आल्यावर मी तो आणायला गेले. वरच्या काकूंनी डबा काढून देताना कोपरा चमच्यानं उकरलेला दिसला. त्यांच्या मुलाचं काम. मी रडत खाली आले. आई म्हणाली, "भाडं समज." मग तिनं उकरलेल्या कोपऱ्यात उभी बिस्किटं खोचली आणि सांगितलं की हा किल्ला आहे, हा दरवाजा, इथून शत्रू आला होता. सोलापुरात भुईकोट किल्ला आहे, त्यामुळे खंदक वगैरे पोरींनी लगेच ओळखलं. त्या डब्याला नंतर कितीतरी वर्षं आम्ही 'किल्ला' म्हणत होतो.

पुढे आमच्याकडे फ्रीज आला आणि भारनियमनही आलं. २००५ नंतरच्या त्या वर्षांत कित्येक तास वीज नसायची. फेटलेलं क्रीम घातलेले पदार्थ अशा वेळी पाणी सोडत, जिलेटिनची जेली सरबत होऊन जाई. आईचा किल्ला ढासळला नाही, कारण तो मक्याच्या पिठावर उभा होता.

---

डर्ट केककडे परत येते. ओरिओ हे बिस्किट न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली निघालं आणि भारतात आलं २०११ साली, म्हणजे शंभराला एक कमी. त्याआधी आपल्याकडे काळं क्रीमवालं बिस्किट म्हणजे बोरबॉन. तेही मूळ इंग्रजांचंच, पण इतकं रुळलेलं की कुणाला परकं वाटत नाही. गांडुळांबद्दल एक गोष्ट नक्की सांगता येते. जेलीचं गांडूळ जर्मनीतल्या ट्रोली कंपनीनं १९८१ साली बाजारात आणलं. तेव्हा अमेरिकन आया काहीही सांगोत, गांडूळवाली माती त्याआधीची असू शकत नाही. इतिहासकाराला एवढा एक पुरावा मिळाला तरी दिवस बरा जातो.

अन्नाला अन्न नसलेल्या वस्तूचं रूप देण्याचा खेळ मात्र कुणा एकाचा नाही. गोव्यात 'सेरादुरा' करतात. मारी बिस्किटांची बारीक पूड आणि फेटलेलं क्रीम यांचे ग्लासात थर. पोर्तुगीज भाषेत सेरादुरा म्हणजे लाकडाचा भुसा! दिसतोही तसाच. आपण संक्रांतीला काटेरी हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट करून लेकराला घालतो, बोरन्हाण करतो, आणि मग पोरं ते दागिने खातात. दागिना खाणं आपल्याला चालतं. मातीपाशी अडतं.

आणि सोलापुरात जास्तच अडतं, कारण बोरबॉनचा चुरा थेट इथल्या रानासारखा दिसतो. बेसॉल्ट खडक झिजून झालेली आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हाताला ढेकळं लागतात, पाऊस पडला की लोण्यासारखी चिकटते. ती ओल धरून ठेवते म्हणून मंगळवेढ्याकडे हिवाळ्यात पाऊस नसतानाही ज्वारी उभी राहते. पण ओल धरायला आधी पाऊस पडावा लागतो.

आत्यानं त्या दिवशी कुंडीतला वरचा चुरा बोटानं उचलला, जिभेवर ठेवला, आणि म्हणाली, "सुकडीवानी लागतंय."

पोरांना सुकडी माहीत नव्हती. मला माहीत होती ती पुस्तकातून. १९७२च्या दुष्काळात सरकारनं जागोजाग कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर त्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. कामावर सुकडी वाटत असत, हेही सांगते. ती कशी लागायची हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आत्या तेव्हा १४ वर्षांची होती. पन्नास वर्षांत आमच्या घरात हा विषय निघाला नव्हता.

ती पोरांना सांगू लागली. खडी फोडायची, पाटीनं वाहायची, डोळ्यांत कच जायची. दुपारी ओंजळीत भुगा मिळायचा, गोडसर, कोरडा, तोंडात घातला की टाळूला चिकटायचा. पाणी नसायचं. "गिळायला यायचं न्हाई, पर थुकवत बी नव्हतं." आणि त्यात खडीची कच असायचीच, हाताला लागलेली, वाऱ्यानं उडालेली. चावताना कचकच आवाज यायचा. "तुमची माती बरी हाय. कचकचत न्हाई."

माझ्या मुलीनं विचारलं, "मग तुम्ही माती खाल्ली?"

"खाल्ली की."

मुलीला ते भारीच वाटलं. आपल्यासारखी माती खाल्लेलं मोठं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

मी मधे काही बोलले नाही. बोलायला होतंही काय? वडील म्हणाले त्यात तथ्य होतं. अन्नाशी खेळायला अन्नाची भीती गेलेली असावी लागते. आमच्या घरात आजीची भीती वेगळी होती, आत्याची वेगळी, वडिलांची वेगळी, आणि तिघांच्याही भीतीला माझी मुलगी जन्मायच्या आतच शेवट सापडला असं मानून मी कुंड्या आणल्या होत्या. माझ्या वर्गातल्या काही पोरांच्या घरी तो अजून सापडलेला नाही, हेही मला ठाऊक आहे.

---

कुणाला करायचं असेल तर करायला सोपं आहे, चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. नवी कुंडी ओल पिते, म्हणून ती रात्रभर पाण्यात ठेवून वाळवायची आणि आतून बटर पेपर लावायचा. तळाच्या भोकावर मी एक अख्खं मारी बिस्किट बसवलं, मापात बसतं. एक लिटर दुधाला पाच चमचे कॉर्नफ्लोअर, तीन चमचे कोको, वाटीभर साखर. कोको आधी साखरेत कोरडाच मिसळायचा, नाहीतर वर तरंगत बसतो. बोरबॉनचं क्रीम खरवडून पोरांना द्यायचं, ते तसंही राहत नाही. बिस्किटं मिक्सरमध्ये घालायची नाहीत, पीठ होतं. पिशवीत भरून लाटणं फिरवायचं, थोडी ढेकळं राहू द्यायची. तळाला जाड चुरा, वर कोमट पुडिंग, पुन्हा चुरा, पुन्हा पुडिंग, आणि सगळ्यात वरचा थर वाढायच्या आधी दहा मिनिटं. लवकर घातला तर त्याचा चिखल होतो.

गांडुळं विकत आणायची तर पाकीट वाचून आणावीत. त्यात बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे जनावराची हाडं-कातडी, आणि आत्याच्याही गळ्यात माळ आहे. मी चायना ग्रास उकळून, रंग घालून, वाकणाऱ्या स्ट्रॉच्या जुडीत ओतलं. त्या स्ट्रॉला जिथे चुण्या असतात तिथे गांडुळाला आपोआप वळ्या पडतात. चायना ग्रास एकदा थिजलं की ऐंशी अंशांच्या पुढे तापवल्याशिवाय वितळत नाही. सोलापूरचा मे अजून तिथवर पोचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या निघाली तेव्हा तिनं तिची कुंडी मागितली. कढीपत्त्याचं रोप लावणार म्हणाली. नळाखाली तिनं ती स्वतः घासून धुतली, उलटी करून भोक बघितलं. मारीचं बिस्किट भिजून तिथेच चिकटलेलं होतं. हेअरपिनीनं तिनं ते टोकरून काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि तोंडात टाकलं.